एका रात्रीतील तीन हाका : डॉ. आयडा स्कडर

काटपाडी स्टेशनावर उतरून वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात उपचारासाठी गेलेले कोणी ना कोणी आपल्या बहुतेक मंडळ्यांत सापडते. हे रुग्णालय ज्या बाईंनी उभे केले त्यांची गोष्ट शब्बाथ शाळेतही सांगितली जाते. परंतु ती बहुधा एका रात्रीपाशी सुरू होते आणि सकाळ झाली की संपते. पुढची साठ वर्षे राहूनच जातात. वाचकहो, त्या साठ वर्षांत जे घडले ते आपल्या आयाबहिणींच्या आरोग्याशी, आणि शेवटी आपल्या मराठी मुलखाशीही, जोडलेले आहे. म्हणून हे चरित्र जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

आयडा सोफाया स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी मद्रास इलाख्यातील राणीपेट येथे झाला. आजोबा डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकेहून या बाजूला आलेले पहिले वैद्यकीय मिशनरी, वडीलही डॉक्टर, आणि घराण्यातील बरीच मंडळी मिशनकार्यात. म्हणजे घरात सेवेचे वारे लहानपणापासून. पण मुलीला ते नकोसे झाले होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा आयडा सहासात वर्षांची. भुकेने हाडांचा सापळा झालेली मुले दाराशी येत आणि तिच्या हातून भाकरीचे तुकडे घेत. रस्त्याकडेला मरून पडलेली लेकरेही तिने पाहिली. पुढे कुटुंब अमेरिकेला गेले, आईवडील पुन्हा हिंदुस्थानात परतले आणि मुलगी नातलगांकडे राहिली. ते तुटलेपण तिने कधी विसरले नाही. नॉर्थफील्ड येथील मूडी यांच्या शाळेत ती शिकली. आनंदी, थट्टेखोर, थोडी हट्टी अशी ही मुलगी. मिशनरी व्हायचे नाही, हे तिने मनाशी पक्के केले होते.

१८९० साली आईच्या आजारपणामुळे तिला तिंडिवनम येथे यावे लागले. मुक्काम थोड्या दिवसांचा, असे ठरवूनच ती आली होती. याच मुक्कामात ती प्रसिद्ध रात्र आली. एक ब्राह्मण तरुण दाराशी आला. त्याची कोवळ्या वयाची बायको पहिल्या बाळंतपणात अडली होती. आयडाने वडिलांना बोलावते म्हटले, परंतु परपुरुषाने आपल्या बायकोला हात लावणे त्याला मान्य नव्हते. त्याला बाई हवी होती. आणि या बाईला वैद्यकीतले काहीच येत नव्हते. तो गेला. मग एक मुसलमान गृहस्थ आला, आणि नंतर आणखी एक हिंदू. अडचण तीच, नकारही तोच. सकाळी प्रेतयात्रेचा ढोल ऐकू आला. नोकराला चौकशीला पाठवले, तेव्हा तिघीही गेल्याचे कळले.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना सांगताना जपावी असे मला वाटते. ही कथा ऐकून ते लोक किती अज्ञानी होते, एवढेच मुलांच्या मनात राहते. ते तिघे मध्यरात्री परक्या धर्माच्या दाराशी आले होते, ते बायकोवरच्या मायेपोटीच. रूढीची भिंत त्यांनाही भेदता आली नाही. आणि रूढीची भिंत काय केवळ त्यांच्याच घरी होती? स्तनात गाठ लागली तर महिनोन्महिने ती नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बाया आपल्या मंडळ्यांतही आहेत. अंगावरून जास्त जाते हे पुरुष डॉक्टरपुढे बोलायचे कसे, म्हणून पांढऱ्याफटक पडलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

त्या रात्रीनंतर आयडाने वडिलांना सांगितले की आपण अमेरिकेला जाऊन डॉक्टर होणार. आणि यानंतरचा भाग, जो आपण गाळतो, तो फार मोलाचा आहे. पाचारण एका रात्रीत आले, पण तयारीला वर्षे लागली. १८९५ साली तिने फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे तेच महाविद्यालय, जेथून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवीधर होऊन बाहेर पडल्या. आनंदीबाईंनी तेथे जो प्रबंध लिहिला तो हिंदू स्त्रियांच्या प्रसूतीविषयीच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले होते, पण ते हाती घेण्याआधीच, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. त्याच महाविद्यालयातून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आपल्या मंडळ्यांत गुरुबाईंचे नाव फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आयडा पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल महाविद्यालयात गेली. तेथे स्त्रियांना नुकताच प्रवेश खुला झाला होता. १८९९ साली पदवी मिळाली. हिंदुस्थानात स्त्रियांसाठी रुग्णालय बांधण्याकरिता वर्गणी गोळा करीत असता शेल नावाच्या एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले. १ जानेवारी १९०० रोजी डॉ. आयडा स्कडर वेल्लोरला पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली शिकावे असा विचार होता. पण त्याच वर्षी वडील वारले आणि त्या एकट्या पडल्या.

सुरुवातीला रोगी येईनात. तरुण बाई, तीही डॉक्टर, यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. बंगल्यातच दवाखाना मांडला होता आणि घरात कामाला असलेली सलोमी हीच त्यांची पहिली मदतनीस. हळूहळू एकीचे पाहून दुसरी येऊ लागली. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले, तेव्हा आवारात जागा पुरेना.

त्या काळी बाळंतपणात बाया का मरत, हे थोडे पाहिले पाहिजे. मूल आडवे येई आणि दिवसचे दिवस कळा चालत. मग काहीतरी उपाय करण्यासाठी सुईण न धुतलेले हात घाली. बाळंतरोगाचे विष असे हातांतून पोटात जाते. हात स्वच्छ धुतल्याने बाळंतरोग टळतो, हे व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. पण युरोपातल्या डॉक्टरांनीही ते पटवून घ्यायला पुष्कळ वर्षे लावली, तर खेड्यातल्या सुईणीला काय दोष द्यायचा? नाळ विळ्याने किंवा कशाने तरी कापली जाई आणि बाळ आठवड्याच्या आत धनुर्वाताने जाई. आलेल्या बाईला शस्त्रक्रिया करून वाचवता येई. पण दमणीत घालून पाचदहा कोसांवरून आणीपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे.

म्हणून डॉ. आयडा स्वतःच वाटेवर निघाल्या. आठवड्यातून एकदा गुडियातमच्या रस्त्याने त्या जात. १९०९ साली त्यांना एक लहानशी मोटार मिळाली. तोपर्यंत मोटार न पाहिलेली माणसे ती आली की शेतात पळत सुटत. पुढे तीच माणसे ठरल्या दिवशी ठरल्या झाडाखाली वाट पाहात बसू लागली. डोळे आलेली मुले, गळवे झालेले शेतकरी, महारोगी, पोटुशा बाया, सगळे त्या झाडाखाली. याच सुमारास त्यांनी परिचारिकांची शाळाही सुरू केली. एका बाईच्या दोन हातांनी हे काम उरकणार नाही, हे त्यांना केव्हाच कळून चुकले होते.

मग त्यांच्या मनाने घेतले की याच देशातल्या मुलींना डॉक्टर करायचे. उत्तरेत लुधियाना येथे स्त्रियांचे वैद्यकीय शिक्षण चालू होते, मिरजेला डॉ. वानलेस पुरुषांना शिकवीत होते; दक्षिणेतल्या मुलींना मात्र असे ठिकाण नव्हते. मद्रास सरकारच्या वैद्यकीय प्रमुखांना मुली येतील की नाही याचीच शंका होती. १२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळा सुरू झाली. सामग्री म्हणजे एक सूक्ष्मदर्शक, हाडांचा सांगाडा आणि मोजकी पुस्तके. १९२२ साली पहिल्या तुकडीच्या १४ मुली सरकारी परीक्षेला बसल्या. त्या परीक्षेत मुलगेच बहुसंख्येने नापास होत, तेव्हा निकालाची फार आशा धरू नका असे बाईंना आधीच सुचवण्यात आले होते. चौदाच्या चौदा मुली उत्तीर्ण झाल्या.

मधल्या वर्षांची हकीकत म्हणजे नवी इमारत, वाढते विभाग, वर्गण्या. ती येथे विस्ताराने सांगत नाही. त्यांची खरी परीक्षा झाली ती म्हातारपणी. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारने पदविकेचा अभ्यासक्रम बंद करून पदवीचाच ठेवण्याचे ठरवले. निर्णय चांगल्या हेतूचा होता, पण त्यामुळे वेल्लोरवर गदा आली. पदवीसाठी अधिक प्राध्यापक, अधिक खाटा, अधिक प्रयोगशाळा हव्यात, आणि पैसा नाही. नव्या मुली घेणे थांबले. सत्तर वर्षांच्या डॉ. आयडा १९४१ साली अमेरिकेत गेल्या आणि युद्धाच्या दिवसांत गावोगाव फिरून मदत मागू लागल्या.

तेव्हा एक तोडगा पुढे आला. महाविद्यालय मुलग्यांनाही खुले केले तर इतर मिशने सामील होतील, पैसा येईल, संस्था वाचेल. हे ऐकून बाईंना काय वाटले असेल! ज्या रात्रीसाठी आयुष्य वाहिले ती रात्र स्त्री डॉक्टर नाही म्हणून घडली होती. अमेरिकेतल्या स्त्रियांनी पै पै जमवून पैसा दिला तो स्त्रियांच्या महाविद्यालयासाठी. त्या कार्याच्या धुरीण ल्यूसी पीबॉडी, आयडा यांच्या जुन्या मैत्रीण, या गोष्टीच्या कडव्या विरोधक होत्या. डॉ. आयडा बराच काळ डळमळल्या. अखेर त्यांनी मुलग्यांना घेण्यास होकार दिला आणि जिवाभावाची माणसे दुखावली गेली. त्यांच्या धैर्याची वर्णने पुष्कळ होतात, पण या होकाराला लागलेले धैर्य मला मोटारीत बसून खेड्यात जाण्यापेक्षा मोठे वाटते. १९४२ साली पदवी अभ्यासक्रमाला तात्पुरती मान्यता मिळाली, १९४७ मध्ये पहिले मुलगे दाखल झाले. १९४६ साली बाई निवृत्त झाल्या आणि पुढे संस्थेची धुरा डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय डॉक्टरांकडे आली.

त्या उघडलेल्या दारातून आत आलेल्यांत आपल्या अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) रजनीकांत आरोळे हा तरुण होता. तेथेच शिकणाऱ्या मेबल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी खेड्यातच सेवा करण्याचे व्रत घेतले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरे होऊन गेलेले रोगी त्याच दुखण्याने पुन्हा येतात. खाटा वाढवून हे थांबणार नव्हते. १९७० साली त्यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता वेल्लोरच्या झाडाखालचे काम गावच्या ओसरीवर आले. हात साबणाने धुवा, नाळ उकळलेल्या पात्याने कापा, पोटुशीला पोटभर जेवू द्या, तिला धनुर्वाताची लस टोचून घ्या, हे सांगणारी बाई परकी नव्हती, शेजारचीच होती. बाळाला अंगावर पाजण्याचेही तसेच. आपल्याकडे पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवायचे, ही रीत कित्येक घरांत होती; अजूनही आहे. ज्या चिकाला आपण घाण समजतो तो घट्ट पिवळसर चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात भरलेली असतात. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला छातीशी धरावे, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको, आणि पुढे मऊ अन्न सुरू केले तरी दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. पण सासूने चीक पिळायला सांगितला तर विशीतली ओली बाळंतीण काय करणार? अशा वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीचा उपयोग नसतो. चार मुले वाढवलेली शेजारीण येऊन सासूशी बोलली तर होतो.

डॉ. मेबल १९९९ साली वारल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली.

डॉ. आयडा स्कडर यांनी शेवटची वर्षे कोडाईकनालच्या आपल्या घरी काढली. फुलांची बाग होती, टेनिसची आवड म्हातारपणीही सुटली नव्हती. मे १९६० मध्ये, ८९ व्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले. रजनीकांत आणि मेबल यांना डॉक्टर होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते.