शिंगटी, नुकता, मसुल्ला... माशांना मराठी नावं देणारे कर्नल सायक्स कोण होते?

बदलापूर-अंबरनाथच्या मासळी बाजारात शिंगटी ओळखणारे बरेच भेटतील. विज्ञानाच्या यादीत एका शिंगटीचं नाव चक्क ‘मिस्टस सिंगटी’ आहे. ते दिलं विल्यम हेन्री सायक्स यांनी.

जन्म १७९०चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले हे अधिकारी १८२४ मध्ये सरकारचे सांख्यिकी अधिकारी झाले. दख्खनमध्ये आकडेवारी गोळा करताना त्यांनी भीमा, मुळा-मुठेतले मासेही तपासले. एकसारखे दिसणारे मासे वेगळे करताना ते परांमधले काटे मोजायचे, मिशा, खवले आणि अंगाची ठेवण पाहायचे. १८३९ मध्ये ही वर्णनं छापून आली. खुद्री, नुकता, मसुल्ला ही नावं त्यांनी तशीच ठेवली, हे विशेष.

पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि ब्रिटनमध्ये खासदारही झाले. १८७२ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण मसुल्लाचा घोळ मागे राहिला. उंच पाठीमुळे तो महसीर समजला गेला आणि कावेरीतल्या कुबडवाल्या महसीरलाही हेच नाव चिकटलं. खरं तर महसीरचे खवले मोठे, एका रांगेत साधारण २५. खालच्या ओठाला मधोमध मांसल पाकळी. मसुल्लाचे खवले त्याहून लहान. तज्ज्ञ आता त्याला महसीरमध्ये धरत नाहीत.

कुबडवाल्या महसीरची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की व्हायला २०१८ उजाडलं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.