कर्मवीर दादासाहेब गायकवाड : सोबत कुणाची आणि कशासाठी





तिकडे महाराष्ट्रात निवडणूक जवळ आली की इकडे आपले फोन वाजू लागतात. कोण कुणाबरोबर गेला, कुणाला किती जागा सुटल्या, कोण विकला गेला. रविवारी वंदना आटोपून चहा सुरू झाला की तोच विषय निघतो आणि दहा मिनिटांत आवाज चढतात. आपल्यापैकी अनेकांनी तिथले मतदान करून वर्षे लोटली आहेत, तरी ही जखम ओलीच आहे. म्हणून २९ डिसेंबरच्या स्मृतिदिनानिमित्त ज्यांच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला, त्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे चरित्र तुमच्यापुढे ठेवत आहोत.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. बाबासाहेबांसारख्या मोठ्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. अंगावर धोतर, बोलणे गावाकडचे आणि पायाखाली सगळा नाशिक जिल्हा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच होते. हा लढा पाच वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत, लंडनला किंवा परिषदांत असत. नाशिकला माणसे गोळा करणे, मार खाल्लेल्यांची विचारपूस करणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही ते पाहणे ही कामे दादासाहेबांकडे होती. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहून कळवले की आता मंदिरप्रवेशावर शक्ती खर्च करू नये, ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. ज्या लढ्यासाठी आपण अंगावर दगड झेलले तो थांबवा, असे सांगणारे पत्र आपल्याला आले असते तर आपण काय केले असते? दादासाहेबांनी ते मानले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, त्या परिषदेच्या तयारीतही ते पुढे होते.

इथून त्यांचे निवडणुकीचे आयुष्य सुरू होते. पण ते समजून घेण्यासाठी थोडे मतदानाचे गणित पाहावे लागेल.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्या वेळी मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जात आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. अल्पसंख्य पण संघटित समाजाला ही पद्धत फायद्याची होती. आपल्या माणसांनी एकजुटीने एकाच नावावर मते टाकली की तो माणूस येई. पक्षाला तेव्हा यश मिळाले, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता.

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या निवडणुकीत हा नियम बदलला. राखीव जागा ज्या मतदारसंघात होत्या तिथे दोन सदस्य निवडायचे, मतदाराला दोन मते. पण दोन्ही मते एकाला देता येत नव्हती. म्हणजे आपले एक मत आपल्या उमेदवाराला, आणि दुसरे कुणाला? आणि इतरांचे दुसरे मत आपल्या उमेदवाराला कोण मिळवून देणार? इथे मित्रपक्ष लागतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. उत्तर मुंबईत बाबासाहेब आणि अशोक मेहता ही जोडी उभी राहिली. दोघेही पडले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा तीच जोडी होती. आपल्या मतदारांनी दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले.

धम्मबंधूंनो, हे दोन पराभव लक्षात ठेवा. नेत्यांनी व्यासपीठावर हात मिळवले म्हणून गावातला मतदार आपला हात पुढे करतोच असे नाही. युतीत आपली मते मित्राला जातात, मित्राची मते आपल्याकडे येताना मात्र जात आडवी येते. दादासाहेबांच्या पिढीने हा धडा स्वतःच्या नेत्याच्या पराभवातून घेतला.

तरीही बाबासाहेबांनी सोबतीचा विचार सोडला नाही. १९५६ मध्ये फेडरेशन विसर्जित करून सर्वांना खुला असलेला रिपब्लिकन पक्ष काढायचा, असे त्यांनी ठरवले. राममनोहर लोहियांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लोहियांची भेट राहिली, पक्षाची स्थापना राहिली आणि निवडणूक तीन महिन्यांवर आली.

विचार करा, त्या वेळी कार्यकर्त्यांच्या मनाची काय अवस्था असेल! घरातला कर्ता माणूस गेलेला आणि दारात निवडणूक. त्या काळात फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत उतरले. समितीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता. जनसंघ आणि हिंदू महासभाही होती. नुकतेच बुद्धाला शरण गेलेले लोक आणि हिंदू महासभा एकाच मांडवात! विचाराने जमण्यासारखे काही नव्हते. पण मागणी एकच होती आणि ती स्पष्ट होती : मुंबईसह महाराष्ट्र. त्या मागणीने जे घडवले ते आधीच्या युतीला घडवता आले नव्हते. या वेळी इतर समाजांची मतेही आपल्या उमेदवारांकडे आली. १९५७ मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. केवळ आपल्या समाजाच्या मतांवर ती जागा येणे शक्य नव्हते. ज्या नाशिकने काळारामाचे दार बंद ठेवले होते, त्याच नाशिकने त्यांना दिल्लीला पाठवले. मुंबई राज्याच्या विधानसभेत फेडरेशनचे १३ आमदार आले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. एन. शिवराज अध्यक्ष झाले. आणि लगेचच घर फुटू लागले. बी. सी. कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे असे की पक्ष घटनेच्या चौकटीत, शिकलेल्यांच्या नेतृत्वाखाली चालावा. दादासाहेब कम्युनिस्टांच्या फार जवळ गेले आहेत. दादासाहेबांचे म्हणणे असे की भूमिहीन माणसाच्या पोटाचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरल्याशिवाय पक्ष वाढणार नाही. कांबळेंचा गट ‘दुरुस्त’ म्हणवू लागला, मग लोकांनी दुसऱ्याला ‘नादुरुस्त’ हे नाव दिले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच ही फूट अधिक दुःखाची.

आपल्याला कोसंबीच्या भिक्खूंची गोष्ट माहीत आहे. भांड्यात उरलेल्या पाण्यावरून वाद सुरू झाला आणि संघ दुभंगला. भगवंतांनी समजावले, तरी कुणी ऐकेना. शेवटी ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. वाद पाण्याचा होता, पण प्रत्येकाला आपलेच खरे करायचे होते. आपले पक्ष, आपली मंडळे, परदेशातल्या आपल्या संघटनासुद्धा याच वाटेने का जातात, हे एकदा मनाला विचारून पाहा.

फुटलेल्या पक्षातही दादासाहेबांनी काम थांबवले नाही. १९५९ मध्ये त्यांनी मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मागणी साधी होती : सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. १९६४ मध्ये ते पुन्हा उठले. १ ऑक्टोबरला संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू केला. लाखोंनी लोक तुरुंगात गेले. त्यांत बायका होत्या, कडेवर मुले होती. भूमिहीनांना जमीन, शेतमजुरांना किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. तैलचित्र लागले ते १९९० मध्ये. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्ये. तुमच्यापैकी किती जणांचे शिक्षण त्या सवलतींवर झाले? त्या दिवसांत तुरुंगात बसलेल्या माणसांना हा दिवस दिसलाच असेल असे नाही.

दरम्यान समितीचे दिवस संपले होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्या दोरीने सगळ्यांची मोळी बांधली होती ती दोरीच सुटली. १९६२ च्या महाराष्ट्र विधानसभेत रिपब्लिकन पक्षाला अवघ्या ३ जागा मिळाल्या. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात मात्र, जिथे दलित आणि मुस्लिम मतदार एकत्र आले, तिथे पक्षाचे ३ खासदार आणि ८ आमदार निवडून आले. दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते.

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय. १९६७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकांसाठी त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. ज्या काँग्रेसने बाबासाहेबांना दोनदा पाडले, तिच्याशीच! अनेकांची मने दुखावली. पण त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. गावातली विहीर, गायरान, शाळा, पोलीस पाटील हे सगळे ज्यांच्या हातात, त्यांच्याशी कायमचे वैर धरून खेड्यातल्या चार घरांचा म्हारवाडा जगायचा कसा? जिल्हा परिषदेत आपली माणसे बसली तर निदान दाद मागायला जागा होईल, असा त्यामागचा हिशोब होता. हिशोब चुकला असे आज म्हणता येते. १९५७ च्या युतीमागे एक मागणी होती, १९६७ च्या समझोत्यामागे फक्त सत्तेतला वाटा उरला. मागणी असली की मित्राला जाब विचारता येतो. वाटा मागितला की मित्र मोजून देतो, आणि देताना आपल्यातलाच एक दुसऱ्याविरुद्ध उभा करतो. पुढे पक्षात दादासाहेबांचा एक गट आणि बॅरिस्टर खोब्रागडे यांचा दुसरा, अशी पुन्हा फूट पडली.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तरुणांनी दलित पँथर उभी केली आणि रिपब्लिकन पुढाऱ्यांना सडेतोड प्रश्न विचारले. ते विचारणे रास्तच होते. पण ज्या वस्त्यांतून पँथर उठले, त्या वस्त्यांना रस्त्यावर उतरायला शिकवणाऱ्यांत दादासाहेब होते, हेही तितकेच खरे.

धम्मबंधू-भगिनींनो, बहुपक्षीय लोकशाहीत आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजाला सोबत घ्यावीच लागते. त्यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच की सोबत कशासाठी घेतली आणि घेताना आपले घर एकत्र होते का. भगवंतांनी वज्जींबद्दल सांगितले होते की ते एकत्र जमतात, एकत्र बसतात आणि एकत्र उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. पुढच्या रविवारी तिकडच्या युतीवरून आवाज चढू लागले, तर दादासाहेबांची आठवण काढा आणि शेजारच्या माणसाला एकच विचारा : मागणी काय आहे? मग दोघांनी मिळून चहा घ्या, आणि बरोबरच उठा.

जय भीम! नमो बुद्धाय!