कै. वामनराव लाखे : रायपूरचे अवैतनिक चिटणीस

रायपुरात लाखेनगर हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी येते. रिक्षावाला ते उच्चारतो, पाकिटावरच्या पत्त्यात ते असते, शहरातील एका शाळेच्या पाटीवरही हेच आडनाव आहे. मात्र ज्या गृहस्थांमुळे ते रूढ झाले, त्या वामनराव बळीराम लाखे यांची ओळख नव्या पिढीला फारशी राहिलेली नाही. याचे एक कारण त्यांच्या कार्याच्या स्वरूपातच आहे. ग्रंथकर्त्याचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राहते, वक्त्याची आठवण श्रोते काढतात. संस्थेची वर्गणी गोळा करणारा, तिचे हिशेब लिहिणारा आणि सभासदांना धरून ठेवणारा मनुष्य मात्र संस्था उभी राहिली की विस्मरणात जातो. वामनरावांनी आयुष्यभर हेच काम केले, आणि तेही बिनपगारी.

मराठी माणूस छत्तीसगडात कसा आला, हे येथील बहुतेक मराठी घराण्यांना ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि त्यांच्यामागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक, व्यापारी अशी कितीतरी कुटुंबे इकडे स्थिरावली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण माणसे राहिली. तात्यापारा, बूढापारा या वस्त्यांतून घरात मराठी आणि ओसरीवरून खाली उतरताच छत्तीसगडी व हिंदी, असा दुहेरी व्यवहार सुरू झाला, तो आजही चालू आहे. वामनरावांचा जन्म अशाच एका घरात, रायपूर येथे १७ सप्टेंबर १८७२ रोजी झाला. वडील बळीराम गोविंदराव यांची स्थिती आरंभी गरिबीची होती. पुढे त्यांनी कष्टाने काही गावे मिळवली. त्यामुळे मुलाच्या शिक्षणाला अडचण पडली नाही.

रायपूरच्या शाळेत वामनरावांना जो मित्र लाभला, त्याने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. हा मित्र म्हणजे माधवराव सप्रे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मलेले सप्रे बिलासपूरहून पुढील शिक्षणासाठी रायपुरास आले होते. दोघेही मराठी घरातले, वयाने जवळजवळ बरोबरीचे. सप्रे यांची ख्याती पुढे अखिल हिंदी जगतात पसरली. समर्थांच्या दासबोधाचे व लोकमान्यांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर त्यांच्या नावावर आहे आणि १९२४ साली देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. पण या कीर्तीची पहिली पायरी ज्या मासिकाने घातली, त्या ‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशक वामनराव होते.

हे मासिक जानेवारी १९०० मध्ये निघाले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळातून मध्य प्रांत सावरतो न सावरतो तोच १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला होता. जेथे लोकांना दोन वेळचे अन्न मिळण्याची भ्रांत होती, तेथे मासिक काढणे हे धाडस म्हणावे की अव्यवहार, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला असेल. सप्रे तेव्हा पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक होते. संपादनात त्यांच्या जोडीला रामराव चिंचोलकर होते. छपाई आधी रायपुरात आणि नंतर नागपुरात होई. संपादक एका गावी आणि छापखाना दुसऱ्या गावी, अशा मासिकाची प्रकाशकावर किती भिस्त असते, हे छपाईच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागणार नाही. कागद, छापखान्याचे देणे, टपालहंशील, थकलेल्या वर्गणीदारांना स्मरणपत्रे, हा सगळा व्याप प्रकाशकाचा असतो. मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस तोट्यामुळे बंद पडले. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली याच मासिकात छापली गेली. हिंदीतील पहिली कथा म्हणून तिचा मान अनेक अभ्यासक सांगतात.

तिघेही मराठी भाषक. तरीही छत्तीसगडातले हे आरंभीचे मासिक त्यांनी हिंदीत काढले. ज्या लोकांसाठी काम करायचे त्यांना कळेल ती भाषा वापरावी, इतका साधा विचार त्यामागे दिसतो. त्यामुळे घरातील मराठी उणी झाली नाही.

मासिक बंद पडल्यावर वामनरावांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला आणि १९०४ साली परीक्षा उत्तीर्ण होऊन ते रायपुरात वकिली करू लागले. योगायोग असा की, त्याच साली हिंदुस्थान सरकारने सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा केला. वकिलाकडे येणारे पक्षकार बहुतेक शेतकरी असत, आणि त्यांच्या कज्ज्यांच्या मुळाशी बहुधा कर्ज असे. पेरणीच्या वेळी सावकाराकडून बियाणे उचलायचे आणि खळ्यावर सवाई-दिढीने परत करायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पीक चांगले आले तर सावकाराचे भागे, बुडाले तर शेतच गहाण पडे. कोर्टात अशा माणसाची बाजू मांडून फारसे काही साधत नाही. कर्जखत कायदेशीरच असते. वकिली करणाऱ्या वामनरावांनी पुढे कोर्टाबाहेरचा जो मार्ग धरला, त्याचे मर्म येथे आहे.

तो मार्ग सहकाराचा. १९१२ साली कायद्यात सुधारणा होऊन गावोगावच्या पतपेढ्यांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँका स्थापन करण्याची सोय झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, वामनरावांच्या खटपटीने रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. ते तिचे अवैतनिक सचिव झाले. ही जबाबदारी त्यांनी अनेक वर्षे वाहिली आणि नंतर बँकेचे अध्यक्षपदही सांभाळले. आज सहकारी बँक म्हटले की इमारत आणि खिडकी डोळ्यांपुढे येते. त्या काळी गावची पतपेढी म्हणजे एकमेकांना ओळखणारे दहा-वीस शेतकरी असत आणि प्रत्येकाच्या कर्जाला बाकी सगळे जबाबदार असत. ही जबाबदारी अमर्यादित होती. एकाने हप्ता बुडवला तर शेजाऱ्याच्या बैलापर्यंत गोष्ट जाई. म्हणून तेथे खरे भांडवल परस्परांवरील भरवशाचेच होते. शहरातल्या ठेवीदाराने आपला पैसा कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या कुळासाठी द्यावा, आणि त्या कुळाने तो वेळेवर फेडावा, यासाठी दोन्ही बाजूंना ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा कोणीतरी मध्ये लागतो. वामनराव हे तसे गृहस्थ होते. सभेत भाषण करण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे, कारण ते दर हंगामाला नव्याने करावे लागते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका कल्पनेला वेगळे रूप येत होते. १९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन स्नेह्यांना बोलावून आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमण्याचा प्रघात पाडला आणि त्यातून रोटरीची चळवळ निघाली. निरनिराळ्या धंद्यांतील माणसांनी आधी एकमेकांचे मित्र व्हावे आणि मग मिळून गावाच्या उपयोगी पडावे, ही तिची घडण. आज रायपुरात अशा सेवाभावी मंडळांची वाण नाही. रक्तदान, नेत्रशिबिरे, शाळांना मदत ही त्यांची कामे परिचित आहेत. वामनरावांच्या पिढीला असे बिल्ले आणि घटना उपलब्ध नव्हत्या. स्नेहमंडळ मात्र होते. मासिक असो, बँक असो, नगरपालिका असो की शाळा, प्रत्येक ठिकाणी त्याच पाच-सात माणसांची नावे पुन्हा पुन्हा भेटतात. एकाने लिहायचे, दुसऱ्याने छापायचे, तिसऱ्याने पैसे जमवायचे, अशी ही वाटणी होती आणि पैशाचा वाटा बहुधा वामनरावांकडे येई.

नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९१५ साली रायपुरात होमरूल लीगची शाखा निघाली, तीतही ते होते. दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, सरकारने त्यांच्या लोकसेवेची दखल घेऊन त्यांना रायसाहेब ही पदवी दिली. एका हाताने स्वराज्याची मागणी आणि दुसऱ्या हाताने सरकारची पदवी, हे आज विसंगत वाटेल. त्या काळच्या मवाळ वळणाच्या लोकसेवकांना ते तसे वाटत नसे.

ती विसंगती १९२० साली उघडी पडली. धमतरीजवळील कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ घालून दंड बसवण्यात आला आणि त्यांनी तो भरण्यास नकार दिला. डिसेंबरात गांधीजी रायपुरास आले. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला; सरकारी पदव्या परत करणे हे त्यातील एक कलम होते. वामनरावांनी रायसाहेबी परत केली.

या निर्णयाची किंमत समजण्यासाठी बँकेकडे पुन्हा वळले पाहिजे. सहकारी बँक ही लोकांची असली तरी तिच्यावर सरकारी निबंधकाची देखरेख असे. तिची नोंदणी, तपासणी आणि एकंदर पत यांवर सरकारच्या मर्जीची सावली होती. एखाद्या वकिलाने पदवी फेकली तर फार तर त्याचा मान जाईल. पण ज्याच्या हाती शेकडो शेतकऱ्यांचे कर्जव्यवहार आहेत, त्याने सरकारशी वाकडे घेतले तर त्याची झळ त्या शेतकऱ्यांना लागण्याचे भय होते. उलट, पदवी जवळ ठेवून बँक सांभाळावी, तर ज्या लोकांच्या भरवशावर ती चालली होती त्यांच्यापुढे उभे कसे राहावे, हाही पेच होताच. वामनरावांनी दुसरा धोका मोठा मानला. लोकांनी रायसाहेबीच्या जागी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली आणि पुढे ती त्यांच्या नावामागे लागली. आजच्या कानांना हा शब्द साधा वाटतो, कारण तो आता सिनेमाच्या जाहिरातीतही असतो. त्या वेळी त्याचा अर्थ नेमका होता: सरकारने दिलेले काढून ठेवले, लोकांनी दिलेले घेतले.

सरकारी शाळा सोडलेल्या मुलांचे काय करायचे, हा असहकाराच्या चळवळीतला सर्वांत अवघड प्रश्न होता. मुलांना बाहेर पडा असे सांगणे सोपे असते. त्यांना बसायला जागा, शिकवायला मास्तर आणि मास्तरांना पगार देणे हे सोपे नसते. १९२१ साली रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले. सप्रे त्यामागे होते आणि विद्यालयाचे मंत्री झाले वामनराव. वीस वर्षांपूर्वीची मासिकाची जोडी येथे पुन्हा एकत्र आलेली दिसते. मधल्या काळात सप्रे यांनी फार सोसले होते. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली ते पकडले गेले, घरच्यांच्या दबावाखाली माफी लिहून सुटले आणि त्या माफीचे शल्य घेऊन काही काळ त्यांनी मधुकरी मागून दासबोधाच्या अभ्यासात घालवला. रायपुरास परतल्यावर त्यांनी जानकीदेवी महिला पाठशाळा काढून मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. माफीनामा देऊन आलेल्या माणसाला त्या काळच्या सार्वजनिक जीवनात सहसा जागा उरत नसे. रायपूरच्या स्नेहमंडळात सप्रे यांची जागा गेली नाही, ही त्या मंडळाची मोठी थोरवी म्हटली पाहिजे. सप्रे यांचे निधन २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच झाले.

१९३० चा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामनराव अठ्ठावन्नाव्या वर्षात होते. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या या प्रदेशात मिठाचा कायदाही मोडला गेला आणि मग तमोरा, गट्टासिल्ली, रुद्री-नवागाव येथे जंगल सत्याग्रह झाले. रायपुरात त्या वेळी ज्या पाच जणांनी चळवळीचे पुढारीपण केले, त्यांना लोक पांडव म्हणू लागले. वामनराव लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलालसिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. एक मराठी वकील, एक जैतूसाव मठाचे महंत, एक राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा संप लढवलेला पुढारी, एक मौलाना आणि एक डागा घराण्यातले शेठ. महाभारतातील पांडव एका घरचे होते. रायपूरच्या पांडवांची घरे, पंथ आणि धंदे वेगवेगळे होते. लोकांनी त्यांना भाऊ मानले, यात त्या शहराचे शहाणपण दिसते. वामनरावांना एक वर्षाची कैद आणि ३,००० रुपये दंड झाला.

तुरुंगातून सुटले तेव्हा बाहेर मंदीचा काळ होता. धानाचे भाव पडलेले, कुळे हप्ते भरू शकत नव्हती, आणि देशभरच्या सहकारी पतपेढ्या थकबाकीने वाकल्या होत्या. अशा दिवसांत बँकेशी नाते टिकवणे हे तुरुंगवासाइतकेच चिकाटीचे काम होते. १९४१ साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी सिमगा येथे सत्याग्रह केला आणि चार महिन्यांची शिक्षा भोगली. वय तेव्हा सत्तरीला टेकले होते.

यानंतर कोणीही विश्रांती घेतली असती. वामनरावांनी १९४५ मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भात गिरणी उभारली. कर्जाच्या प्रश्नाने ज्या कामाला आरंभ झाला होता, त्याचा हा पुढचा टप्पा होता. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळाले तरी त्याचे धान खळ्यावरूनच व्यापाऱ्याच्या घशात जाते आणि भरडाईचा नफा दुसऱ्याच्या पदरात पडतो; गिरणी त्याची स्वतःची असेल तर तांदळाची किंमत त्याच्या हाती येते. धानाच्या या मुलुखात ही गोष्ट कळायला पुस्तकी अर्थशास्त्र लागत नाही. तरी ती प्रत्यक्षात आणायला ७३ वर्षांच्या एका वृद्धाने पुन्हा भागभांडवल गोळा करायला निघावे लागले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी रायपूरच्या गांधी चौकात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान लोकांनी वामनरावांना दिला. पुढचे स्वातंत्र्यदिनाचे वर्ष पुरे होऊन सहाच दिवस झाले होते, तेव्हा, २१ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांचे निधन झाले. खरिपाचे धान तेव्हा शेतात उभे होते आणि त्यावर काढलेल्या कर्जांची खाती बँकेत चालू होती.