शिरोडकरांचा टाका

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर म्हटले की मराठी वाचकाला आधी शिरोडा आठवतो आणि शिरोड्यापाठोपाठ वि. स. खांडेकर. पण हा शिरोडा तो नव्हे. खांडेकरांनी मास्तरकी केली ते गाव आजच्या सिंधुदुर्गातले. डॉक्टरांचा शिरोडा गोव्यातला, फोंडा तालुक्यातला. २७ एप्रिल १८९९ हा त्यांचा जन्मदिवस. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. शिरोडकर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये डॉक्टर झाले, १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोग या विषयात एम.डी. झाले आणि पुढे विलायतेला जाऊन १९३१ साली एफ.आर.सी.एस. ही शल्यविशारदाची पदवी घेऊन आले. तेव्हा त्यांचे वय होते बत्तीस.

ही सनावळी मी मुद्दाम देते आहे. आमच्या दिग्रसच्या घरात सध्या बोटांवर वर्षे मोजणे चालू आहे. लेक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते आणि तिला सर्जन व्हायचे आहे. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. मग नीट-पीजी, ती पार पडली तर एम.एस.ची तीन. पुढे मेंदूच्या किंवा लहान मुलांच्या शस्त्रक्रियांकडे वळायचे तर एम.सीएच.ची आणखी तीन. नातेवाइकांनी बेरीज केली आणि पोरीची तिशी उलटल्याचे जाहीर करून टाकले! शिरोडकरांची वर्षे अशी कुणी मोजली असतील असे मला वाटत नाही.

मुलीच्या जातीला प्रसूतीचा विषय बरा, त्यात कापाकापी कमी, असाही सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्यांना शिरोडकर ठाऊक नाहीत, एवढेच मी म्हणेन. बाळंतपणाचा डॉक्टर हा आधी पक्का सर्जन असावा लागतो, हे त्यांनी आयुष्यभर हाताने दाखवले.

विलायतेहून परतल्यावर ते जे. जे. रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक झाले, ग्रँट मेडिकलमध्ये प्राध्यापकही झाले. त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांत काही जणींची कहाणी तीच ती असे. दिवस राहतात, तीन-चार महिने सुरळीत जातात आणि मग चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भ पडतो. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. घरची माणसे नजर लागली म्हणत, सुनेचा पायगुण काढत. फार तर तिने जड उचलले असेल म्हणत. शिरोडकरांनी नेमकी जागा हेरली. अशा काही बायकांच्या गर्भपिशवीचे तोंडच सैल असते. वरचे वजन वाढले की ते आपोआप उघडते. पिशवी चांगली, बाळ चांगले. नाडी तेवढी सैल.

त्यावर त्यांनी केलेला उपाय ऐकायला सोपा वाटतो. बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची एक पट्टी काढायची आणि मूत्राशय वर सारून ती गर्भपिशवीच्या तोंडाभोवती, आतल्या बाजूला, आवळून बांधायची. १९५५ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. एफ.आर.सी.एस. होऊन तोवर चोवीस वर्षे झाली होती आणि वय छप्पन्न होते. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. बोटांची पारख, रुग्णाची नीट ऐकलेली हकिगत आणि शरीररचनेचे पक्के ज्ञान, एवढीच त्यांची पुंजी.

मी हे इतक्या आपुलकीने सांगते याला कारण आहे. माझी दोन बाळे पाचव्या महिन्यात गेली. तिसऱ्या खेपेला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून टाका घातला, नऊ महिने भरत आल्यावर काढला आणि जी मुलगी झाली तीच आता सर्जन होते म्हणते. (प्रत्येक गर्भपाताला टाका हे औषध नव्हे, तो कुणाला घालायचा, हे तपासणीनंतरच ठरते.)

शिरोडकरांचे दुसरे काम आमच्या भागातल्या बायकांना अधिक जवळचे. अंग बाहेर येण्याचा त्रास कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या किती जणी मुकाट सोसतात! वय झालेल्या बाईची पिशवी काढून टाकता येते. पण ज्या तरुण बाईला अजून मूल हवे, तिने काय करावे? तिच्यासाठी शिरोडकरांनी पिशवी न काढता पट्टीच्या झोळीने पाठीच्या हाडाला टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसवली. बंद झालेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी मेहनत घेतली.

सर्जरीत संधी कुठे, असे मुलीच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा गप्पा रोबोट आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांवर जातात. तेही हवेच. पण तालुक्याच्या गावी सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच वेळी हजर असणे हा अजूनही योगच असतो, हेही त्यांनी मोजावे. जिथे गरज आहे आणि माणूस नाही, तिथे संधी आहेच की. आणि ती विद्यार्थिदशेतच सुरू होते. वॉर्डातल्या बाईची मागची सगळी बाळंतपणे विचारून लिहून घ्यायला कुठे पदव्युत्तर पदवी लागते? लेकीला मी हे सांगते, ती हसते आणि रात्रपाळीला ऑपरेशन थिएटरात उभी राहायला मिळते का ते पाहायला जाते.

शिरोडकरांच्या टाक्याची गोष्ट १९५५ वर थांबली नाही. मेलबर्नच्या इयान मॅकडोनल्ड यांनी १९५७ मध्ये बटव्याच्या नाडीसारखा सोपा टाका मांडला. करायला सुटसुटीत म्हणून आज तोच जास्त घातला जातो. मांडीतल्या पट्टीच्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली. शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी ७ मार्चला ते गेले. आता लेकीच्या पुस्तकात शिरोडकर आणि मॅकडोनल्ड शेजारी शेजारी छापलेले आहेत. दोन टाक्यांतला फरक परीक्षेला विचारतात म्हणे. तिने तो मला चहा पिता पिता समजावून सांगितला, उशीच्या अभ्र्याची नाडी हातात घेऊन.