अ‍ॅलन ट्युरिंग : यंत्राला दुसऱ्या यंत्राचं सोंग शिकवणारा माणूस



संगणकाच्या तासाला हायपरव्हायझर हा शब्द आला की मुलं अडतात. त्यांना घराचं उदाहरण द्या. यंत्र म्हणजे जोतं. त्यावर नेहमी एकच बिऱ्हाड नांदतं, विंडोज किंवा लिनक्स. दुसरी सिस्टिम हवी असेल तर त्याच बिऱ्हाडात पोटभाडेकरू ठेवावा लागतो. हायपरव्हायझर मात्र थेट जोत्यावर बसतो, जागेचे भाग पाडतो आणि प्रत्येक भागात वेगळी सिस्टिम नांदवतो. प्रत्येकीला वाटतं, अख्खं घर माझंच! एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

अ‍ॅलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील भारतात आणि अ‍ॅलन व थोरला भाऊ इंग्लंडात, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. आपल्या पोलादपूरच्या वाड्यांवर आईबाप मुंबईला आणि पोरं आजीपाशी, हे चित्र तुम्हाला नवं नाही. अ‍ॅलनजवळ आजीही नव्हती.

१९२६ मध्ये तो शेरबोर्नच्या शाळेत निघाला आणि नेमका देशव्यापी संप झाला, रेल्वे बंद. तेरा वर्षांचा हा पोरगा एकटा सायकलवर निघाला, ६० मैल! महाडहून पोलादपूरला साधारण पाच वेळा जाण्याएवढं अंतर. वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि शाळा गाठली. तिथे मात्र अक्षर वाईट, वही गचाळ, अशाच तक्रारी. नुसतं विज्ञानच करायचं असेल तर या शाळेत त्याचा वेळ फुकट जातोय, असं खुद्द मुख्याध्यापकांचं मत. (हा भाग आपण शिक्षकांनी जरा सावकाश वाचावा.)

पुढे केंब्रिजला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९३६ साली त्यांनी एक यंत्र कागदावर कल्पिलं. कोणत्याही दुसऱ्या यंत्राचं वर्णन पट्टीवर लिहून द्या, हे यंत्र त्याचंच काम करून दाखवील. लोखंड तेच, वर्णन बदललं की यंत्र बदललं. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे एनिग्माचे संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण ते कित्येक वर्षं गुप्तच राहिलं.

युद्धानंतर मँचेस्टरला खरा संगणक आला. ऑपरेटिंग सिस्टिम नावाची गोष्टच नव्हती. प्रोग्राम थेट यंत्रावर चालवायचा. त्याची माहितीपुस्तिका ट्युरिंग यांनी लिहिली. ती मागवून घेणाऱ्यांत हॅरो शाळेचे एक शिक्षक होते, ख्रिस्तोफर स्ट्रेची. हो, शाळामास्तरच! ट्युरिंग यांनी त्यांना सुचवलं की या यंत्राला स्वतःचीच नक्कल करायला लावणारा प्रोग्राम लिहून बघा, म्हणजे इतर प्रोग्राममधल्या चुका त्यात पकडता येतील. १९५१ साली स्ट्रेची हजाराहून जास्त सूचनांचा प्रोग्राम घेऊन आले, एका रात्रीत तो चालवून दाखवला आणि शेवटी यंत्राकडून ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजवून घेतली. यंत्राच्या आत तेच यंत्र! माझ्या मते वर्गात सांगायचा खरा प्रसंग हाच.

पुढचं दुःखाचं आहे, पण गाळू नका. मुलांच्या वयाप्रमाणे सांगा. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १९५२ मध्ये ट्युरिंग दोषी ठरले. तुरुंग टाळण्यासाठी शरीर बिघडवणारी हार्मोनची औषधं घ्यावी लागली, गुप्त कामाची दारं बंद झाली. ७ जून १९५४ ला सायनाइडने ते गेले, वय अवघं ४१. चौकशीत आत्महत्या असं ठरलं. राजमाफी मिळाली २०१३ साली.

ते गेल्यावर दहा-बारा वर्षांत अमेरिकेत आयबीएमच्या लोकांनी एका मोठ्या यंत्रावर प्रत्येक माणसाला त्याचं स्वतंत्र यंत्र भासवून दाखवलं. आजचे हायपरव्हायझर त्याच घराण्यातले.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या संगणकांचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी फाइलच असते. तिची ताजी प्रत दुसऱ्या गावी ठेवलेली असेल, तर महाडचा सर्व्हर चिखलात गेला तरी तेच यंत्र तिथल्या हायपरव्हायझरवर सुरू करता येतं, दाखले आणि निकालांसकट.