नावाची पत

रॉथ्सचाइल्ड म्हटले की आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांसमोर युरोपभर पसरलेल्या पेढ्या येतात. मला मात्र त्या घराण्यातला पेढीत न रमलेला एक माणूस अधिक जवळचा वाटतो. बॅरन फिलिप द रॉथ्सचाइल्ड, जन्म १९०२, पॅरिस. तरुणपणी तो खोटे नाव घेऊन मोटारींच्या शर्यतीत उतरे. घराण्याचे नाव कुठे लावायचे आणि कुठे नाही, याचे भान त्याला लवकर आले असावे.

फ्रान्सच्या बोर्दो भागात, पॉयाक गावी त्याच्या पणजोबांनी १८५३ साली मूटाँ नावाचा द्राक्षमळा घेतला होता. दोनच वर्षांनी तिथल्या दलालांनी मद्यांची प्रतवारी ठरवली. चार मळे पहिल्या वर्गात बसले, मूटाँ दुसऱ्यात. घरची मंडळी पॅरिसला आणि मळा कारभाऱ्यांच्या हाती, असेच पुढे चालले. १९२२ मध्ये विशीतल्या फिलिपने तो ताब्यात घेतला.

त्या काळी मळेवाले मद्य पिंपांतून व्यापाऱ्यांना विकत. ते मुरवणे, बाटल्यांत भरणे व्यापाऱ्याकडेच. वाटेत त्यात काय मिसळले, हे मालकाला कळायचे नाही. बाटलीवर नाव मात्र त्याचेच! फिलिपने १९२४ पासून सगळे मद्य मळ्यावरच बाटलीबंद करायचे ठरवले.

हे ऐकायला सोपे वाटते. पण वाचकहो, त्यातला हिशेब पाहा. पिंपे लवकर विकली की पैसा लवकर मोकळा होतो. घरी मुरवायचे म्हणजे माल दोन-तीन वर्षे पडून, भांडवल अडकलेले आणि नासाडीची जोखीम आपल्या माथी. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी नोकरी गेली. असा अर्ज पाहून मी दहादा विचार केला असता. फिलिपने मात्र १९२६ मध्ये पिंपांसाठी शंभर मीटर लांबीचे दालन बांधले.

खरी कसोटी १९३० साली लागली. हंगाम वाईट गेला. नेहमीचे लेबल लावून माल खपवता आला असता. फिलिपने ते मद्य ‘मूटाँ कादे’ या वेगळ्या, खालच्या नावाने विकले. कादे म्हणजे धाकटा; तोही घरातला धाकटाच. थोरल्या नावाला त्याने धक्का लागू दिला नाही. पुढे हे धाकटे नावही जगभर खपले.

मग युद्ध आले. तो ज्यू असल्याने मालमत्ता जप्त झाली. तो इंग्लंडला पोचून द गॉलच्या फौजेत सामील झाला. पत्नी एलिझाबेथ १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. लेक फिलिपीन वाचली. त्याच वर्षीच्या मद्याच्या लेबलवर त्याने विजयाचे ‘व्ही’ अक्षर छापले. नंतर दरवर्षी एकेका चित्रकाराकडून लेबल करून घेतले.

दुसरा वर्ग त्याने कधीच मान्य केला नाही. अर्ज, खेटे, भेटीगाठी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. अखेर १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मूटाँ पहिल्या वर्गात गेले. तेव्हा फिलिप एकाहत्तर वर्षांचा होता.

१९८८ मध्ये तो गेला आणि मळा फिलिपीनने सांभाळला. वडिलांकडून तिला जमीन, पिंपे, बाटल्या मिळाल्याच. पण वाईट वर्षीही जपलेली पत ही त्यातली सर्वात मोठी ठेव होती, असे मला वाटते.