ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची

ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची (१८ जून १४६६ – ७ मे १५३९) हे इटलीतील मुद्रक व प्रकाशक होते. सुट्या धातूच्या खिळ्यांनी बहुधुनी संगीताचे पुस्तक छापणारे ते पहिले मुद्रक मानले जातात. एकाच वेळी अनेक गायकांनी वेगवेगळ्या, स्वतंत्र सुरावटी गाण्याच्या प्रकारास बहुधुनी संगीत म्हणतात.

जीवन

पेत्रुच्ची यांचा जन्म मध्य इटलीतील फोसोंब्रोने या गावी झाला. १४९० च्या सुमारास ते मुद्रणव्यवसायाचे मोठे केंद्र असलेल्या व्हेनिस येथे गेले. १४९८ मध्ये बहुधुनी गीते तसेच ल्यूट व ऑर्गन या वाद्यांसाठीचे संगीत छापण्याचा वीस वर्षांचा एकाधिकार त्यांनी तेथील शासनाकडून मिळवला.

१५०१ मध्ये त्यांचा 'हार्मोनिचे म्युझिचेस ओदेकातोन' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नावात शंभर गीतांचा निर्देश असला, तरी त्यात ९६ रचना आहेत. १५०२ मध्ये त्यांनी जोस्कँ दे प्रे यांच्या मिस्सा-रचनांचे पुस्तक काढले. एकाच संगीतकाराला वाहिलेले ते पहिले मुद्रित संगीतपुस्तक होय. १५११ मध्ये ते फोसोंब्रोनेला परतले व पोपच्या राज्यात छपाईचा हक्क त्यांनी मिळवला. मात्र ऑर्गनसाठीचे एकही पुस्तक न काढल्यामुळे तेवढा हक्क त्यांच्याकडून काढून प्रतिस्पर्धी मुद्रक आंद्रेआ आंतिको यांना देण्यात आला. पुढे ते कागदनिर्मितीच्या व्यवसायात उतरले. १५३६ मध्ये अभिजात ग्रंथांच्या मुद्रणासाठी त्यांना व्हेनिसला पुन्हा बोलावण्यात आले.

मुद्रणपद्धती

धार्मिक एकधुनी गायनाची छापील पुस्तके त्यांच्यापूर्वीही निघाली होती. बहुधुनी संगीतात मात्र स्वरांचे कालमान दाखवणारी निरनिराळी चिन्हे लागत. पेत्रुच्ची तोच कागद यंत्रातून तीनदा काढीत. पंचरेषा, स्वरचिन्हे आणि गीताचे शब्द यांचे ठसे वेगवेगळे उमटवले जात. नंतर त्यांनी ही संख्या दोनवर आणली, असे अभ्यासक मानतात. ओलसर कागद किंचित सरकला, तरी रेषेवरचे चिन्ह दोन रेषांमधील जागेत जाऊन स्वरच बदलण्याचा धोका असे. तरीही त्यांच्या पुस्तकांतील ठसे सुबक व अचूक जुळलेले आढळतात.

'ओदेकातोन'मध्ये प्रत्येक आवाजाची सुरावट समोरासमोरील दोन पानांवर स्वतंत्र जागी दिलेली आहे. जोस्कँ यांच्या मिस्सा-रचनांसाठी त्यांनी प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका काढली. आजच्या संहितेप्रमाणे सर्व सुरावटी एकाखाली एक जुळवलेल्या नसल्यामुळे गायकांना ताळमेळ कानांनीच राखावा लागे.

महत्त्व

ही पद्धत वेळखाऊ व खर्चिक होती. पॅरिसमधील पिएर अतेन्याँ यांनी १५२८ पासून स्वरचिन्ह आणि पंचरेषांचा तुकडा एकाच खिळ्यावर असलेली, एका छापाची पद्धत प्रचारात आणली. तिच्यात रेषा तुटक दिसत. पण छपाई स्वस्त झाली आणि तीच रूढ झाली. सुबकपणात मात्र पेत्रुच्ची यांची पुस्तके सरस राहिली. हस्तलिखितांपुरते मर्यादित असलेले बहुधुनी संगीत त्यांच्यामुळे दूरवर पोहोचले.

आज संगणकीय स्वरलेखनाच्या आज्ञावली एकाच पंचरेषेवर अनेक आवाज आपोआप जुळवून देतात. संगीतसंहिता विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या, २००६ मध्ये सुरू झालेल्या एका आंतरजालीय ग्रंथालयास पेत्रुच्ची यांचे नाव देण्यात आले आहे.